भोकरदनच्या घडणीची हस्तिदंती बाई पॉम्पेईत कशी गेली? आणि आता आपल्याकडनं बाहेर काय जायलंय?

केळणाकाठचा मास्तर:
नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. परवा सातवीच्या पोरांना मोबाइलवर एक फोटो दाखवला, इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती. वीतभर उंच बाई, हातभर बांगड्या, दोन बाजूला दोन दासी, आणि पायात इतके जाड वाळे की एक पोरगी पटकन म्हणाली, सर हिचे वाळे आमच्या आजीसारखे आहेत! इ. स. ७९ ला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर ते, म्हणजे त्याच्या आधीच ही बाई तिकडं पोचलेली. अशाच घडणीच्या मूर्ती आपल्या भोकरदनच्या खोदकामात आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्यात म्हणून ती इकडच्याच भागातली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पोरं एकदम गप्प झाली. मग एकानं विचारलं, तवा एवढं लांब गेलं, मग आता आपल्याकडनं काय जातं सर? मी योगा म्हणालो, पिक्चर म्हणालो, पण माझंच समाधान झालं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

तेरणेचा_पाहुणा:
सर, तेरच्या म्युझियममधली मूर्ती पोरांना नक्की दाखवा, फोटोत ती कळत नाही. जवळून बघितलं की वेणीचे पेडसुद्धा दिसतात.
आता कसं गेलं ते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणचे अकीकाचे खडे आणि तगरचं म्हणजे आपल्या तेरचं साधं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून धड रस्ते नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायचा. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पुढं पूर्वेला दहा दिवसांवर तेर. विचार करा, बैलं, आडवाट, घाट, आणि वर कापडाचे गठ्ठे. कुणी संस्कृती पसरवायला निघालं नव्हतं हो, माल चांगला होता म्हणून मागणी होती, आणि मालाबरोबर आपली नजर, आपली बाईमाणसं, आपले दागिने तिकडच्या घरात जाऊन बसले. माझं तर स्पष्ट मत आहे, पोरांना हेच सांगा की आधी हात चांगला पाहिजे.

दख्खनी_वाचक:
तेरणेचा पाहुणा, पटलं, पण एक बाजू राहिली. तेरलाच रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या सापडल्यात, भोक पाडून गळ्यात घालायच्या. म्हणजे तिकडची फॅशन तेरच्या बाजारात पण होती! हे पोरांना सांगितलंच पाहिजे, नाहीतर व्हॉट्सअपवर फिरतं तसं 'आपण जगाला सगळं दिलं' एवढंच डोक्यात बसतं. कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराचंच घ्या. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं विष्णूसाठी बांधलं, पण बांधणारे हात तिथल्या ख्मेर लोकांचे, चेहरे पण त्यांचेच. थायलंडच्या रामायणातला, म्हणजे रामकियनमधला हनुमान तर चक्क लग्न करतो. त्यांनी आपलं घेतलं आणि त्यांचं करून टाकलं, म्हणूनच ते इतकी शतकं टिकलं असं मला वाटतं. योगाचंही तसंच होणार. २०१४ ला युनोनं २१ जून हा योग दिवस ठरवला तवा १७७ देशांनी पाठिंबा दिला होता, आता ते लोक त्यांच्या पद्धतीनं करायलेत तर आपण कशाला चिडायचं?

नांदेडची लेक:
दादा, बदल होऊ द्या, पण मूळ कुठलं ते लोकांना माहीत तर पाहिजे ना.
बाकी सर, तुमच्या त्या पोराला नांदेडला घेऊन या. १७०८ ला गुरू गोबिंदसिंघजी इथंच ज्योतिज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, म्हणून कॅनडा, इंग्लंडमधनं माणसं इथल्या हजूर साहिब गुरुद्वाराला येतात. मागच्या खेपेला लंगरमधे माझ्याशेजारी एक बाई पोळ्या लाटत होत्या, जन्म तिकडचाच, पंजाबी पण अडखळत बोलायच्या, पण पोळी अशी गोल की मी बघतच राहिले. म्हणाल्या आमच्या गावातल्या गुरुद्वारात दर रविवारी गोरी, काळी, कुणीही येऊन पंगतीला बसतात, नाव-गाव कुणी विचारत नाही. शेजारी मांडी घालून जेवणं, ही गोष्ट बाहेर जायलीय सर, आणि पुढंही जाणार, कारण ती माणसांच्या अंगात आहे.

फर्दापूरकर:
मी अजिंठ्याच्या पायथ्याचा. जपानी पाहुणे पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर आले की बोलणं थांबतं, काही जण हात जोडून उभे राहतात. त्यांच्याकडं होर्युजी मंदिरात भिंतीवर चित्रं होती, त्यांचं अजिंठ्याशी नातं सांगतात. १९४९ च्या २६ जानेवारीला तिथं आग लागून ती होरपळली, तर पुढच्याच वर्षी त्यांनी वारसा जपायचा कायदा केला आणि आजही त्या तारखेला देशभर देवळांत आग विझवायची तालीम घेतात. आपल्याकडं मात्र लेण्यात बोर्ड लावूनही माणसं फ्लॅश मारतात, मी डोळ्यानं बघतो, लई जीव तुटतो. सर, पोरांना आणा एकदा. आधी दोन मिनिटं अंधारात उभं करा, डोळे सरावले की मगच रंग दिसायला लागतात.

केळणाकाठचा मास्तर:
सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांशी बोललो, दिवाळीनंतर अजिंठ्याची सहल नक्की. आणि आज त्या वाळ्यावाल्या पोरीनं आजीचे खरे वाळे फडक्यात बांधून वर्गात आणले होते. फोटोशेजारी ठेवले तर पोरं बाकावर चढून बघायली.