नाइट स्टोरेज हीटर आणि रात्रीची स्वस्त वीज: संध्याकाळी घर गरम कसं ठेवायचं?

मंडळी, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांकडून मदत हवी आहे.

ऑक्टोबरात आम्ही ग्लासगोमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. इमारतीत गॅस नाही, सगळं विजेवर. हॉलमध्ये २.५५ किलोवॉटचा आणि बेडरूममध्ये १.७ किलोवॉटचा असे भिंतीला लावलेले दोन जुने स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा सोडणारे) आहेत. वरच्या झाकणाखाली दोन नॉब, एक 'इनपुट', एक 'आउटपुट'. माहितीपत्रक मिळालं नाही. एजंट म्हणाला, "दोन्ही पूर्ण फिरवून ठेवा." तसं ठेवलं की पहाटे पांघरूण नकोसं होतं आणि संध्याकाळी सहाला कामावरून यावं तर हीटर जेमतेम कोमट. मग प्लगचा दोन किलोवॉटचा हीटर लावतो. बिल बघून धडकी भरली आहे.

डिसेंबरात आई-बाबा साताऱ्याहून येणार आहेत. बाबांचे गुडघे थंडीत आखडतात, त्यामुळे त्याआधी हे नीट समजून घ्यायचंय. बिलावर 'इकॉनॉमी ७' (रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारी योजना) लिहिलंय, रात्रीचा दर दिवसाच्या जवळपास निम्मा आहे. हे दोन नॉब नेमकं काय करतात? स्वस्त वीज किती वाजता सुरू होते हे कसं कळणार? की हे हीटर बंद करून प्लगचाच वापरणं परवडेल?

---

प्रतिसाद १

प्लगच्या हीटरचा विचार आधी डोक्यातून काढा. कुठलाही साधा विजेचा हीटर एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता देतो. फरक पडतो तो फक्त दराचा. संध्याकाळी दोन किलोवॉट चार तास चालवलेत की आठ युनिटं, तीही दिवसाच्या महाग दराने. इकॉनॉमी ७ मध्ये दिवसाचा दर बहुधा साध्या एकेरी दरापेक्षा चढा असतो.

आता आतली रचना. पत्र्याच्या आत जड विटा, त्यांच्यामधून तापणारी कॉइल आणि भोवती इन्सुलेशनचा जाड थर. रात्रीचे सात तास विटा तापतात, दिवसभर ती उष्णता हळूहळू बाहेर येते. तुमचा हॉलचा हीटर पूर्ण चार्ज झाला तर २.५५ गुणिले ७, म्हणजे जवळजवळ १८ युनिटं साठवतो. बेडरूमचा सुमारे १२.

इनपुट म्हणजे रात्री किती उष्णता साठवायची ते. आउटपुट म्हणजे वरची झडप किती उघडायची ते. आउटपुट पूर्ण उघडा असेल तर विटा तापत असतानाच गरम हवा वर निसटते. तुमचा पहाटेचा उकाडा आणि संध्याकाळचा गारठा, दोन्ही त्यातूनच आलेत. म्हणून झोपण्याआधी आउटपुट अगदी कमीवर आणा आणि घरी परतल्यावरच वाढवा. इनपुट मात्र उद्याच्या हवामानाचा अंदाज बघून आज रात्री ठरवावा लागतो. आज फिरवलेल्या नॉबचा परिणाम उद्याच कळणार, तेव्हा एकदा बदल केलात की दोन-तीन दिवस थांबून बघा.

झडप बंद असली तरी जुन्या हीटरच्या अंगातून थोडी उष्णता झिरपतच राहते. ते थांबवता येत नाही.

---

प्रतिसाद २

वेळेबद्दल. इकॉनॉमी ७ ही योजना १९७८ पासूनची. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्रीपुरती सहज बंद करता येत नसत, म्हणून रात्रीची वीज स्वस्त विकायची, हा हेतू. पण ते सात तास सगळीकडे सारखे नसतात. कुठे साडेबारा ते साडेसात, कुठे वेगळे. त्यातून इकडे मार्चअखेर उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, पण बऱ्याच जुन्या मीटरचं घड्याळ तसं पुढे सरकत नाही, तेव्हा त्यानंतर सगळं तासभर उशिरा होतं.

खात्री करायचा सोपा उपाय: झोपताना मीटरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, सकाळी सातच्या आत पुन्हा काढा. जो आकडा भरपूर वाढला तो रात्रीचा. बिलातही तोच रात्रीचा म्हणून धरलाय ना, ते ताडून बघा. हे दोन आकडे उलटे लागले तर माणूस वर्षभर भुर्दंड भरत बसतो.

मीटरशेजारी 'रेडिओ टेलिस्विच' लिहिलेला डबा आहे का, तेही बघा. तो बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झ लाँगवेव्हवरून येणाऱ्या संकेतावर हीटर चालू-बंद करतो. ती यंत्रणा २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. डबा असेल तर वीज कंपनीला लगेच फोन करून मीटर बदलून घ्या, नाहीतर हीटर भलत्या वेळी चार्ज होईल किंवा होणारच नाही.

---

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! टेलिस्विच नाही. फोटो काढले, रात्रीचा आकडा बिलाशी जुळला. रात्री आउटपुट कमी ठेवतोय, सहाला वाढवतो. हॉल आता दहापर्यंत बसण्याजोगा राहतो, प्लगचा हीटर क्वचितच लागतो. पण आई-बाबा दिवसभर घरात असतील, तेव्हा साठा दुपारीच संपला तर? शिवाय भिंतीवर दोन स्विच आहेत, दुसरा कशाचा?

---

प्रतिसाद १

एक स्विच रात्रीच्या लाइनचा, तो थंडीभर चालूच ठेवा. दुसरा बहुतेक चोवीस तासांच्या लाइनवरचा, 'बूस्ट'साठी असतो. बूस्ट म्हणजे दिवसाच्या दराने थेट तापणारा हीटर, तेव्हा निकडीलाच वापरा.

ते आले की इनपुट पूर्ण ठेवा, दिवसा आउटपुट अगदी थोडा उघडा आणि चारच्या सुमाराला वाढवा. डिसेंबरात तिकडे पावणेचारलाच सूर्य मावळतो, गारठा तेव्हापासून चढतो. पडदे लगेच ओढा, पण हीटरवर येऊ देऊ नका. आईंना आधीच सांगून ठेवा की त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, आग लागू शकते.

त्यानंतरही पुरलं नाही, तर घरमालकाकडे नव्या प्रकारच्या हीटरची मागणी करा. त्यांचं इन्सुलेशन जास्त चांगलं असतं आणि आतला पंखा हवी तेव्हाच उष्णता बाहेर काढतो. जुना हीटर स्वतः उघडू नका, फार जुन्या काहींमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. 'होम एनर्जी स्कॉटलंड' ही सरकारी पैशावर चालणारी सल्लासेवा फुकट आहे, भाडेकरूंनाही मार्गदर्शन करते. मालकाशी बोलण्याआधी त्यांना एक फोन कराच.