ट्रॅक्शनवर थांबू नका
दहा दिवस ट्रॅक्शन (वजन किंवा यंत्राने कंबर ताणण्याचा उपचार) आणि शेक घेऊनही कंबर तशीच दुखतेय, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन आणि पट्टा यांची शिफारस नाही, व्यायामाची आहे. माझ्या आईला फिजिओथेरपिस्टने उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायला शिकवलं. पाच मोजेपर्यंत तशीच धरायची, श्वास मात्र रोखायचा नाही. पहिल्या आठवड्यात तिच्या मांड्या थरथरायच्या. दीड महिन्याने ती ओट्याशी उभी राहून पोळ्या करू लागली. तुमचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊनच ठरवा. आणि जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.