क्लासिक ३५० चं हँडल थरथरतंय, स्टिअरिंग डॅम्पर बसवू का?

गठ्ठेवाला_सोलापूर:
रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, स्पोकची चाकं. मागे कॅरिअरवर चादरी-टॉवेलचे गठ्ठे बांधून तुळजापूरला जात असतो. अॅक्सिलरेटर सोडून पकड सैल केली की ६० ते ५० च्या दरम्यान हँडल थरथरतं, घट्ट धरलं की थांबतं. माल असला की जास्तच. परतीला घाट उतरताना धास्ती वाटते. मित्र म्हणतो डॅम्पर लाव. ऑनलाइन स्वस्तात दिसतोय. घेऊ का?

हायवे_३९०:
मी लावलाय. हायवेला गाडी एकदम स्थिर. घेऊन टाक.

विजापूरवेस_फिटर:
गठ्ठेवाले दादा, थांबा जरा, पैसे घालू नका अजून. डॅम्पर म्हणजे तेल भरलेला छोटा सिलिंडर. हँडल हळू फिरवलं तर जाऊ देतो, झटका आला की अडवतो. दार आपटू नये म्हणून वर क्लोजर लावतात, तसंच काम. निंजा झेडएक्स-१० आर या स्पोर्ट्स बाइकला तो कंपनीकडूनच येतो, कारण तिथं वेगात गिअर ओढताना पुढचं चाक हलकं होतं आणि खड्ड्यावर हँडल फडफडतं. तुमची गाडी ५५ ला थरथरते. ही डॅम्परची कमी नाही, कुठंतरी काहीतरी झिजलंय. त्यावर डॅम्पर लावला तर थरथर दबेल, झीज आत चालूच राहील. भरल्या गाडीवर घाटात मला हे अजिबात नको वाटतं.

आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बघा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. समोर बसून फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाइपांची, दोन्ही टोकं खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. टक टक लागलं तर सैल आहे. मग एका बोटानं हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा. बरोबर मधोमध आलं की अडकल्यासारखं होतं का? झालं तर बॉलनी वाट्यांत खाचा पाडल्यात, कितीही आवळा, उपयोग नाही, सेटच बदलायचा.

त्याच वेळी पुढचं चाक फिरवून रिमला आउट आहे का, म्हणजे ती वाकडी फिरते का, बघा, स्पोक पान्यानं वाजवा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. टायरवर हात फिरवा, वरखाली झिजलेला असेल तर हाताला लागतो. मागं चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश बघा. हवा थंड टायरला भरा, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या टायरला मोजलेली हवा खरी नसते.

आणि गठ्ठे! मागच्या एक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं. गठ्ठा सीटवर पुढे सरकवून, खाली, आवळून बांधा. एवढ्यानंच बराच फरक पडेल.

गठ्ठेवाला_सोलापूर:
अण्णा, बघितलं. मधोमध स्पष्ट अडकतंय. सेट बदलतो. पण पुढेमागे डॅम्पर बसवायचाच म्हटलं तर बुलेटला बसतो का?

विजापूरवेस_फिटर:
बसतो, पण क्लासिकला अवघड. क्लॅम्प फोर्कच्या वरच्या पाइपवर, दोन टी-प्लेटच्या (फोर्कचे पाइप एकत्र धरणाऱ्या पट्ट्या) मध्ये लावावा लागतो आणि तिथं तुमचा हेडलाइटचा डबा आहे. खाली सील सरकतं त्या क्रोमवर क्लॅम्प कधीच आवळायचा नाही. दुसरं टोक फ्रेमला. नेकजवळ, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या मानेजवळ, वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, क्लॅम्पनंच बसवायचं.

हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेऊन डॅम्परच्या दोन टोकांच्या जागांमधलं अंतर दोन्ही वेळा मोजायचं. डॅम्परचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आतबाहेर सरकतो ते अंतर, त्या दोन मापांतल्या फरकापेक्षा थोडा जास्त हवा. हँडल फ्रेमच्या स्टॉपरवरच थांबलं पाहिजे, डॅम्परच्या दांड्यावर नाही, नाहीतर पार्किंगमध्ये वळवतानाच तो वाकतो. क्लचची केबल, वायरिंग दोन्हीकडे मोकळी. सेटिंग सगळ्यात हलक्यापासून सुरू. जास्त आवळला तर नव्या पेठेच्या गर्दीत गाडी सरळ जाणार नाही, डुलत राहील.

हायवे_३९०:
कोनसेट टेपर रोलरचा (बॉलऐवजी निमुळते रोलर असतात तो) घालू का म्हणून विचारतो, माझ्यासाठी.

विजापूरवेस_फिटर:
मापाचा मिळाला तर जरूर, बॉलपेक्षा जास्त टिकतो. फक्त जास्त आवळू नका. चाक अधांतरी असताना हँडल मधून हलकं ढकललं की आपोआप बाजूला पडलं पाहिजे. नवा सेट बसायला वेळ घेतो, ४००-५०० किलोमीटरनंतर परत तपासून घ्या. गठ्ठेवाले, तोवर रिकाम्या गाडीनंच फिरा. चालवताना थरथर सुरू झालीच तर हँडल दाबून धरू नका आणि पुढचा ब्रेक तर नकोच. टाकी गुडघ्यात धरा, अंग पुढे घ्या, वेग आपोआप उतरू द्या.