टेहळणी की पाळत? ‘सर्व्हेलन्स ड्रोन’ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न

एका लष्करी लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘सर्व्हेलन्स’ आणि ‘रेकनसन्स’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. आपली वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट ‘टेहळणी’ म्हणतात. मग माझ्या वाक्यात ‘टेहळणी आणि टेहळणी’ असं होतं. शिवाय ‘लॉयटरिंग म्युनिशन’, म्हणजे स्फोटकं घेऊन लक्ष्यावर स्वतःच आदळणारा ड्रोन, आहेच. त्याला ‘आत्मघाती ड्रोन’ म्हणायची रीत पडली आहे, पण मला ते खटकतं. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

मराठीत या दोन क्रियांना दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. आपण त्यांतला एक लष्कराला दिला आणि दुसरा पोलिसांना, एवढंच झालं.

टेहळणी म्हणजे उंचावरून किंवा पुढे जाऊन चौफेर नजर टाकणं. गडावर टेहळणीचा बुरूज असतो. तिथला पहारेकरी दूरवर धूळ उडताना बघतो आणि खाली वर्दी देतो. टेहळणीची तुकडी पुढे जाते, बघते, परत येते. ती काही विशिष्ट माणसाच्या मागावर नसते, ‘काय आहे?’ एवढंच तिला बघायचं असतं.

पाळत वेगळी. ‘चोरट्यांनी आठवडाभर घरावर पाळत ठेवली होती’, ‘साध्या वेशातल्या पोलिसांनी पाळत ठेवून सापळा रचला’, ‘तो माझ्या पाळतीवर आहे’ ही वाक्यं रोजच्या वापरातली आहेत. पाळत एकावरच असते, सलग असते, आणि ज्याच्यावर ती आहे त्याला बहुधा पत्ता नसतो. पाळत ठेवणारा हलत नाही. समोरचा कधी उठतो, कधी जेवतो, कोण त्याला भेटायला येतं हे त्याला पाठ होतं.

म्हणून रेकनसन्स म्हणजे टेहळणी आणि सर्व्हेलन्स म्हणजे पाळत. अनुवादात मी हाच फरक बिनदिक्कत करेन.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. ड्रोनने युद्धात नेमका हाच बदल घडवला आहे. सैन्यं पूर्वी टेहळणी करत, आता पाळत ठेवतात.

कारगिलचंच बघा. १९९८-९९ च्या हिवाळ्यात आपल्याकडून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या होत होत्या. हेलिकॉप्टर यायचं, फेरी मारायचं, जायचं. ती टेहळणीच होती, आणि दोन फेऱ्यांच्या मधला काळ मोकळा होता. त्या मोकळ्या काळात घुसखोरांनी शिखरांवर ठाण मांडलं. मे महिन्याच्या सुरुवातीला हरवलेला याक शोधायला निघालेल्या एका स्थानिक मेंढपाळाने दुर्बिणीतून वरची माणसं पाहिली, तेव्हा कुठे सैन्याला खबर लागली. माझे मामा तोफखान्यात होते. हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज आजही जड होतो. पुढे कारगिल आढावा समितीने मानवरहित विमानांची गरज स्पष्ट मांडली, आणि इस्रायलची सर्चर व हेरॉन ही विमानं आपल्याकडे मोठ्या संख्येने आली. हेरॉन २४ तासांहून जास्त वेळ हवेत राहू शकतं. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या ३१ अमेरिकी एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला, ते तर ४० तासांपर्यंत राहू शकतात, असं बनवणारी कंपनी सांगते. चाळीस तास एकाच दरीवर डोळा! याला टेहळणी कोण म्हणेल?

मामा ‘ओपी’वर बसायचे. ओपी म्हणजे तोफखान्याची निरीक्षण चौकी. हातात दुर्बीण, शेजारी वायरलेस. पहिला गोळा पडला की धूर बघायचा, नकाशावर बोट ठेवायचं आणि मागे कळवायचं: डावीकडे दोनशे, पुढे शंभर. तोफेचा डोळा म्हणजे हा एक माणूस, आणि तो टिपला गेला की तोफ आंधळी. आज युक्रेनमध्ये हेच काम लग्नाचं शूटिंग करणारा चार पंख्यांचा ड्रोन करतो. खंदकात बसलेला पोरगा पडद्यावर गोळा पडताना बघतो आणि लगेच दुरुस्ती सांगतो. दिसणं आणि मारा होणं यांत आता मिनिटांचंच अंतर उरलं आहे.

त्याचे परिणाम जमिनीवर दिसतात. रणगाड्यांची रांग लावून चाल करणं जवळपास अशक्य झालं आहे, कारण जमवाजमव लपत नाही. सैनिक दोघं-तिघं करून, मोटारसायकलवरून, धुकं बघून पुढे सरकतात. जखमी माणसाला मागे न्यायला रात्र-रात्र थांबावं लागतं. आणि एक दृश्य माझ्या मनातून जात नाही: खेरसोन आणि दोनेत्स्कच्या बाजूला रस्त्यांवर दोन्हीकडे खांब रोवून मासेमारीची जाळी पसरली आहेत. स्फोटकं घेऊन येणारा ड्रोन त्यात अडकावा म्हणून. युरोपातल्या कोळ्यांनी आपली जुनी जाळी त्यासाठी पाठवली. ज्या जाळ्यात मासे यायचे, त्याखालून आता रुग्णवाहिका जाते.

आता ‘लॉयटरिंग म्युनिशन’. यासाठी मराठीत तयार शब्द आहे आणि आपण तो वापरत नाही याची मला चुटपुट लागते. तो शब्द म्हणजे ‘घिरट्या घालणं’. घार घिरट्या घालते म्हणजे काय करते? वर गोल गोल फिरत सावज हेरते आणि दिसलं की झडप घालते. या अस्त्राचं काम तंतोतंत हेच आहे. ‘घिरटं अस्त्र’ किंवा ‘घिरट्या घालणारं अस्त्र’ म्हणा. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालना भागात रात्री आकाशात दिवे दिसू लागले, माणसं काठ्या घेऊन जागली, तेव्हा गावोगावी हाच शब्द तोंडी होता: ‘ड्रोन घिरट्या घालतंय.’ लोकांना शब्द सुचवावा लागला नाही.

‘आत्मघाती’ तुम्हाला खटकतं ते बरोबर आहे. यंत्राला आत्मा कुठला? शिवाय नागपुरात बनणाऱ्या ‘नागास्त्र-१’ला लक्ष्य सापडलं नाही, किंवा मोहीम रद्द झाली, तर ते परत बोलावता येतं आणि पॅराशूटने उतरवता येतं. जे सुखरूप परत येऊ शकतं ते आत्मघाती कसं?

शंका

पण ‘पाळत’ला वाईट वास आहे. आपल्या सैन्याने सीमेवर पाळत ठेवली असं लिहिलं तर वाचकाला ते हीन वाटेल. आणि ‘मानवरहित’बद्दल आपण काहीच बोलला नाहीत.

उत्तर

वास आहे, आणि तो असू द्यावा असं मला मनापासून वाटतं. पाळतीखाली जगणं काय असतं हे शब्दातून कळायला हवं. या यंत्रांची नावं बघा. बनवणाऱ्यांनी ती पाहणाऱ्याच्या बाजूने ठेवली आहेत. आपल्या डीआरडीओ आणि नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचा छोटा ड्रोन ‘नेत्र’. सर्चर म्हणजे शोधणारा. अमेरिकेच्या ग्लोबल हॉकमध्ये ससाणा आहे. पण खाली राहणाऱ्यांनी ठेवलेली नावं आवाजावरून येतात. गाझात अरबीत ड्रोनला ‘झनाना’ म्हणतात, म्हणजे गुणगुण करणारं. युक्रेनमध्ये रशियाने सोडलेल्या इराणी रचनेच्या शाहेद ड्रोनला लोक ‘मोपेड’ म्हणतात, कारण रात्री तो तसाच फटफटत येतो. वरच्याला दिसतं, खालच्याला फक्त ऐकू येतं.

खुद्द ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, नावाचं रेडिओवर चालणारं विमान तोफांच्या नेमबाजीच्या सरावात लक्ष्य म्हणून बनवलं. त्यावरून अमेरिकी नौदलाने आपल्या तशाच विमानांना ‘ड्रोन’ म्हटलं. नर माशीला नांगी नसते. तो तेव्हा फक्त गोळ्या झेलणारा होता. नांगी त्याला माणसाने नंतर बसवली.

‘मानवरहित’ हा शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. विमानात माणूस नाही, पण कामात आहे. मोठ्या ड्रोनमागे जमिनीवर एक चालवणारा, एक कॅमेरा सांभाळणारा आणि चित्रं तपासणारी माणसं असतात. ‘वैमानिकरहित’सुद्धा खरं नाही. आपल्या सेनेत ड्रोन चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात, आणि त्यांचं प्रशिक्षण नाशिकला होतं. ‘दूरचालित विमान’ हा शब्द सरळ आहे. माणूस आहे, फक्त दूर आहे, हे त्यातून कळतं. बाकी बोलताना ‘ड्रोन’ पुरे. तो आता शेतात फवारणी करणाऱ्या ताईंच्याही तोंडी बसला आहे.

आणखी एक प्रश्न

तो ड्रोन की ते ड्रोन?

उत्तर

दोन्ही ऐकू येतं. ‘विमान’ नपुंसकलिंगी, म्हणून पुष्कळांच्या तोंडी ‘ते ड्रोन’ येतं, आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण बातमी लिहिताना सांभाळा. ‘सैन्याने ड्रोन पाडले’ या वाक्यात एक पाडलं की अनेक पाडले? नपुंसकलिंग धरलं तर एक, पुल्लिंग धरलं तर अनेक. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, एका रात्रीत पाकिस्तानकडून ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले गेल्याचं सरकारने सांगितलं. त्या आठवड्यात असा मथळा वाचून मी दर वेळी खालची बातमी उघडून आकडा शोधत होतो. म्हणून मी स्वतः ‘तो ड्रोन पाडला’, ‘ते ड्रोन पाडले’ असं पुल्लिंगी लिहितो, आणि संख्या माहीत असेल तर आधी संख्या लिहितो.