फॉरमॅट आधी नको

वर एकांनी सुचवलंय की मेमरी कार्ड 'फॉरमॅट करा' म्हणत असेल तर आधी फॉरमॅट मारून मग रिकव्हरी, म्हणजे गेलेल्या फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर, चालवावी. कृपया नको! क्विक फॉरमॅटमध्ये बहुतेकदा नुसती फाइलींची यादी पुसली जाते हे खरं, पण चुकून विंडोजचा पूर्ण फॉरमॅट दिलात तर सगळीकडे शून्यं लिहिली जातात, मग परत मिळवायला काही उरत नाही.

माझ्या ३२ जीबी कार्डाने हाच मेसेज दिला होता. कडेची बारकी खिटी 'लॉक'वर सरकवली (म्हणजे कार्डावर नवं काही लिहिलं जात नाही), डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, उतरवली आणि फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवलं. ते यादीच्या भानगडीत पडतच नाही. जेपेग फोटोच्या फाइलीची सुरुवात 'एफएफ डी८ एफएफ' या बाइट्सनी होते, अशा खुणा हुडकत जातं. फोटो आले, फाइलींची मूळ नावं मात्र गेली. आणि विखरून साठलेले व्हिडिओ अर्धवटच निघाले.

एसएसडीवर (चिपवाल्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे डिलीट केलेली जागा आता नको हे डिस्कला कळवणारी सोय, चालू असेल तर डिलीट केलेलं परत मिळण्याची आशा फारच कमी. हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर लावू नका, आधी वायर काढा. तिला फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला तर विसराच, आत दव धरतं.