मदत हवी आहे: एम.ए. आंतरराष्ट्रीय संबंध, खाजगीत पैसे भरू की थांबू? (अर्जंट)

फुटाळाकाठी (मंगळवार, रात्री ११.०८)
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते. एका खाजगी विद्यापीठात एम.ए. डिप्लोमसीला सीट मिळाली आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पहिला हप्ता १,२०,००० भरायचा, नाहीतर सीट पुढच्याला जाणार. सीयूईटीचा (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) निकाल आलाय, पण दिल्लीची यादी लागलेली नाही. यादी कधी लागते? तोवर थांबू की पैसे भरून मोकळी होऊ? घरी चार दिवस हाच विषय चाललाय. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा. 'मनाचा कौल घे' वगैरे नको, तो घेऊन झाला.

तर्रीपोहे (रात्री ११.२१)
दिल्ली म्हणजे कोणती? तिथं विद्यापीठं ढिगानं आहेत. स्कोअर किती, पदवी कायची, कोटा कोणता, पैसे बाबा देऊन रायले की लोन काढता? काहीच सांगितलं नाही तं आम्ही काय पंचांग पाहून सांगू?

धरमपेठकर (रात्री ११.३४)
मुळात प्रश्नच चुकीचा आहे. राजदूत व्हायचं असेल तर परराष्ट्र सेवेत जावं लागतं, आणि तो रस्ता यूपीएससीतून जातो. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत आणि ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत आणि ९. मुख्य परीक्षा मराठीतूनही लिहिता येते. दोन वर्षं आणि एवढा पैसा एम.ए.त घालण्यापेक्षा नागपूरच्या जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारातल्या प्रशिक्षण केंद्राची प्रवेश परीक्षा दे, घरचं जेवण जेव आणि अभ्यास कर. माझ्या भाच्याने हेच केलं.

तर्रीपोहे (रात्री ११.३७)
भाचा कोणत्या देशात आहे सध्या?

धरमपेठकर (रात्री ११.५२)
तो सध्या बँकेत आहे. पण मुद्दा तो नाही.

फुटाळाकाठी (बुधवार, सकाळी ७.४०)
राजदूत व्हायचंय असं मी कुठे लिहिलंय काका? मला संशोधनात जायचंय, जमलं तर एखाद्या अभ्याससंस्थेत.
दिल्ली म्हणजे जेएनयू, अजून काय. स्कोअर १८७. बी.एस्सी. शेवटचं सेमिस्टर. ओबीसी. बाबा झेडपी शाळेत शिक्षक. लोन काढावं लागेल. आता सांगा.

जुना_होस्टेलकर (सकाळी ८.१५)
तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेतच एम.ए. केलं आहे, म्हणून लिहितो. ही संस्था जेएनयूपेक्षा जुनी. १९५५ ला सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. बी.एस्सी.ची अडचण नाही, माझ्या वर्गात दोन इंजिनिअर आणि एक दंतवैद्य होती.
३०० पैकी १८७ पुरतात का, हे इथं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नकोस. पेपर, कोर्स, प्रवर्ग, तिन्हींप्रमाणे आकडा बदलतो.
पण एक विचारतो. यादीची वाट बघतेयस म्हणजे जेएनयूच्या पोर्टलवर अर्ज भरून झालाय ना?

जर्मनीहून_मुक्काम (सकाळी ९.०२)
भारतात एवढे पैसे कशाला घालता? इकडे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्कच नाही. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात तेवढं युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे की झालं. इंग्रजीतून एम.ए. मिळतं. मी पाच वर्षांपासून इथे आहे, थंडीची सवय होते.

तर्रीपोहे (सकाळी ९.१०)
'दाखवायचे की झालं' म्हणे! भाऊ, ते दहा लाखाच्या वर झाले. गुरुजीच्या पगारात दाखवून रायला का तू?

फुटाळाकाठी (सकाळी ९.४८)
जर्मनी नको. @जुना_होस्टेलकर, अर्ज म्हणजे? सीयूईटीच्या फॉर्ममध्येच जेएनयू निवडलं होतं. पुद्दुचेरी आणि गुजरात केंद्रीयही टाकलं होतं. तेच ना?

जुना_होस्टेलकर (सकाळी ९.५१)
नाही!! सगळं सोड आणि हे वाच.
सीयूईटीत विद्यापीठ निवडणं म्हणजे फक्त तुझा स्कोअर त्यांच्याकडे जाणं. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची, वेगळी फी भरायची, कोर्सची पसंती द्यायची. ती केली नसेल तर तू कुठल्याच यादीत नाहीस. यादी उद्या लागो की महिन्याने.
आत्ता जेएनयूचं पोर्टल उघड आणि शेवटची तारीख बघ. मग पुद्दुचेरी, मग गुजरात.

शेवंती (सकाळी १०.०५)
बाई गं. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचं हेच झालं. स्कोअर चांगला होता, अर्जच नव्हता.

भूगोलवेडा (सकाळी १०.३०)
या निमित्ताने एक गंमत सांगतो. जगातलं या विषयाचं पहिलं प्राध्यापकपद १९१९ मध्ये वेल्समधल्या अबेरिस्टविथला निघालं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून विषय शिकायचा, असा भाबडा हेतू. वीस वर्षांत दुसरं सुरू झालं. आणि आपल्याकडे चीनशी पंचशील करार १९५४ चा, युद्ध १९६२ चं. हा विषयच असा आहे.

धरमपेठकर (सकाळी १०.४४)
पंचशील ही नेहरूंची घोडचूक होती.

भूगोलवेडा (सकाळी १०.४९)
करार तिबेटच्या व्यापाराबद्दलचा होता, पाच तत्त्वं त्याच्या प्रस्तावनेत होती. आधी करार वाचा, मग घोडचूक कोणाची ते बोलू.

धरमपेठकर (सकाळी १०.५८)
प्रस्तावना वाचून सीमा राखता येत नाही.

तर्रीपोहे (सकाळी ११.०१)
काका, चीन दुसऱ्या धाग्यावर. इथं पोट्टीचं ॲडमिशन अडकून रायलं.

फुटाळाकाठी (सकाळी ११.२६)
उद्या रात्री ११.५० ला बंद होतंय. हात थरथरतायत. पुद्दुचेरीचं अजून उघडं आहे, गुजरातचं साईटच उघडत नाहीये.
जेएनयूच्या फॉर्मात ओबीसी-एनसीएलचा प्रमाणपत्र क्रमांक आणि तारीख मागतायत. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअर आहे, सेतूतून काढलेलं, तीन वर्षं चालतं असं त्यावरच लिहिलंय. तेच टाकू ना?

शेवंती (सकाळी ११.४०)
थांब! ते राज्याचं असणार. केंद्रीय विद्यापीठांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन'च्या खाली मराठीत मजकूर असतो. केंद्राच्या नमुन्यात इंग्रजीत भारत सरकारच्या ठरावांचे क्रमांक-तारखांची रांग असते, त्यावरून ओळखायचं. आणि तारीख या आर्थिक वर्षाची, म्हणजे १ एप्रिलनंतरची हवी. माझ्या मुलाच्या वेळी खिडकीवरच्या माणसाने दोनदा राज्याचंच काढून दिलं. तिसऱ्या वेळी मी नमुना प्रिंट करून त्याच्यासमोर ठेवला, पेन्सिलने खुणा करून.
तुमची जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही आधी बघ. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी.

संत्रा_बर्फी (दुपारी १२.०५)
झेडपीचे गुरुजी म्हणजे आता पगार ८ लाखांच्या वर असेल. नॉन-क्रिमीलेअर मिळणारच नाही. खुल्यातून भर.

शेवंती (दुपारी १२.१२)
चुकीची माहिती देऊ नका हो. ८ लाखांची मर्यादा आहे, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. सरकारी नोकरदारांचं ते कोणत्या वर्गाच्या पदावर आहेत त्यावरून बघतात.

संत्रा_बर्फी (दुपारी १२.१५)
आमच्या साहेबांना तर नाही मिळालं.

शेवंती (दुपारी १२.१६)
तुमचे साहेब वर्ग एकचे असतील.

संत्रा_बर्फी (दुपारी १२.३१)
हो. असो. डिप्लोमॅट लोकांचा पासपोर्ट मरून रंगाचा असतो, हे इथं कोणी सांगितलं नाही. आपला निळा, सरकारी कामाचा पांढरा.

जुना_होस्टेलकर (दुपारी १२.५०)
कागद आजच्या आज मिळाला नाही तर काय करायचं ते माहितीपत्रकात असतं. हमीपत्राची सोय आहे का शोध. अंदाजाने जुना नंबर टाकू नकोस, पडताळणीत सीट जाते.
कोर्स निवडताना घाई नको. राज्यशास्त्राचं एम.ए. (आंतरराष्ट्रीय अभ्यास विशेष) वेगळं, आंतरराष्ट्रीय संबंध व विभागीय अभ्यास वेगळं. तू दिलेल्या पेपरवर कोणता चालतो ते बघून टिक कर. पहिल्यात सिद्धांत जास्त, दुसऱ्यात एखादा प्रदेश धरून काम.

वाचनकट्टा (दुपारी १.२०)
मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. इकडच्या कॉलेजांत जागा निघते ती 'राज्यशास्त्रा'ची. पदवीवर नुसतं आंतरराष्ट्रीय संबंध असलं की छाननीला बसलेले शंका काढतात. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये, 'आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यास' असा स्वतंत्र विषय आहे, पण त्याची जागा आपल्याकडे शोधून दाखवा. म्हणून पहिला पर्याय वर ठेव. पुढे कुठे जायचं ठरलं नसेल तर इग्नूचं राज्यशास्त्र एम.ए. घरबसल्या होतं, त्यात आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आहेच.

जुना_होस्टेलकर (दुपारी १.३५)
घरबसल्या पदवी मिळेल, सर. पण संशोधनाला चर्चासत्रं, ग्रंथालय आणि समोर बसून वाद घालणारी माणसं लागतात. आयडीएसए, सप्रू हाऊस अशा संरक्षण-परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्था, हे सगळं दिल्लीत आहे.

वाचनकट्टा (दुपारी १.४१)
मान्य. पण दिल्ली म्हणजेच भारत नाही. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. रात्रीच्या गाडीने सकाळी पुण्यात. त्याचा कोणी उल्लेखही केला नाही.

तर्रीपोहे (दुपारी १.४४)
सकाळी पुण्यात? आमची गाडी भुसावळले रुसून बसते तवा.

फुटाळाकाठी (दुपारी ३.१०)
सेतूत आहे, रांगेत. समोर अकरा माणसं. आणि मूळ प्रश्न तसाच आहे: शुक्रवारचे १,२०,०००??

शेवंती (दुपारी ३.२८)
भरायचे झाले तर हे आधी बघ. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) फी परताव्याचा नियम आहे, ऑक्टोबर २०१८ चा. प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख जी असेल तिच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क कापतात. त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, मग शून्य. २०२४ ला तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्या असं वेगळं काढलं होतं. मूळ कागदपत्रंही अडकवून ठेवता येत नाहीत.
म्हणून त्यांना फोन नको, ईमेल कर: तुमची प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख कोणती, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे परतावा देता का? उत्तर लेखी घे. 'हप्ता' न म्हणता 'सीट कन्फर्मेशन' किंवा 'नॉन-रिफंडेबल' असं काही पावतीवर असेल तर मी तरी भरणार नाही. आमचे पैसे आले, पण सात महिने आणि मोजून चौदा ईमेल.

धरमपेठकर (दुपारी ४.०२)
एवढ्या खटाटोपात एक प्रिलिम झाली असती.

फुटाळाकाठी (रात्री ९.५५)
अपडेट. ईमेल केला. तासाभरात त्यांचाच फोन आला, फार गोड बोलत होते. म्हटलं लेखी द्या, तर म्हणाले उद्या देतो. आईने ऐकलं आणि म्हणाली, 'दिलं तर भरू, नाही दिलं तर तुझं उत्तर मिळालंच.' बाबा काही बोलले नाहीत. लोनच्या कागदांची फाईल मात्र त्यांनी कपाटात ठेवली.
केंद्राच्या नमुन्याचा अर्ज घेतला त्यांनी. @शेवंती, नमुना प्रिंट करून नेला होता, तरी राज्याचाच फॉर्म काढत होते. पावती मिळाली, कागद सोमवारी. जेएनयूच्या माहितीपत्रकात सापडलं काय करायचं ते, तसंच करतेय. दोन्ही कोर्स भरले, राज्यशास्त्रवाला वर.
आता सही अपलोड होत नाहीये. फाईल मोठी आहे म्हणतंय. फोटो गेला, सहीच अडलीय. कशी लहान करायची?

तर्रीपोहे (रात्री १०.०३)
पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं कर. फोटो काढ, फक्त सहीपुरता कापून घे, मंग तो स्वतःलेच व्हॉट्सॲपवर पाठव, डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून. आपोआप बारीक होते. तेच डाऊनलोड करून टाक.

फुटाळाकाठी (रात्री १०.१९)
गेली!! आता पेमेंटला गोल फिरतंय.

तर्रीपोहे (रात्री १०.२०)
रिफ्रेश नको करजो. बसून राय.