जोडून आलेल्या सुट्ट्या, घरची मंडळी आणि अजब बंगला : आपले अनुभव लिहावेत

पांदणवाट :
नाताळाची सुट्टी यंदा शनिवार-रविवारला लागून आली आणि घरात कुठे जायचे यावर खल सुरू झाला. पुतण्याने नागपूरच्या मॉलचे नाव काढताच तुरीच्या शेंगा सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "त्यापेक्षा पोरांना अजब बंगला दाखवून आणा." त्या एका वाक्याने लहानपणीची ती सहल आठवली, म्हणून हा धागा.

कापसाचे चुकारे हाती आले की वडील आम्हां सर्वांना एसटीने नागपूरला नेत आणि सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात पोहोचेपर्यंत शिदोरी सोडू देत नसत. 1863 साली सुरू झालेल्या त्या वास्तूला आमच्याकडे अजब बंगला याखेरीज दुसरे नाव कुणी घेत नाही. आम्ही पोरे पेंढा भरलेल्या वाघापुढून हलत नव्हतो. वडील मात्र तांब्याच्या जुन्या कुऱ्हाडींपाशी थांबले. त्या चपट्या होत्या, धार रुंद होती, परंतु दांडा बसवायला भोकच नव्हते. उभी हयात कुऱ्हाड चालवलेल्या माणसाला ते पटेना. अखेरीस त्यांनी तिथल्या शिपायाला विचारले, "साहेब, हिचा दांडा बसते कुठं?" लाकूड चिरून त्यात पाते अडकवत आणि वादीने आवळत, असे त्याने हाताने करून दाखवले. परतीच्या वाटेवर वडील त्याच विषयावर बोलत होते.

पुढे वाचनात आले की बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी 1870 साली गुरे चारणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा डोकावताना दिसला आणि तिथून तांब्याची 424 अवजारे व चांदीचे 102 पातळ पत्रे निघाले. त्यांतील काही वस्तू नागपूरला राहिल्या, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. वडिलांनी पाहिलेल्या कुऱ्हाडी त्यांतल्याच असाव्यात असे मला वाटते. आपणही घरच्यांसह पाहिलेल्या संग्रहालयांविषयी लिहावे.

धानबांधी :
आमचे गाव वरोऱ्याकडचे. डायनासोर पाहायला नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातच जायचे, असा मुलांचा हट्ट होता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलो. प्रतिकृतींपुढे छायाचित्रे काढून झाल्यावर मुलांच्या मामांनी सांगितले की खरे डायनासोर आपल्याच तालुक्याच्या मातीत आहेत, तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. डोंगरगावला सापडलेल्या सांगाड्याला 1997 साली शास्त्रीय नाव मिळाले, आज त्याला आइसीसॉरस म्हणतात आणि त्याची हाडे कोलकात्याला आहेत. जवळच्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांच्या विष्ठेचे दगड मिळतात. हे ऐकून मुले हसून लोळली. त्या दगडांच्या अभ्यासातून 2005 साली असे सिद्ध झाले की हे प्राणी गवतही खात असत, आणि पुढच्या संशोधनात त्यात धानाच्या कुळातील गवताचे अंशही आढळले. आमच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही धानात जनावरं शिरतच होती." रानडुकरांनी त्या हंगामात आमचे अर्धे धानाचे शेत आडवे केलेले होते, हे इथे सांगितलेले बरे.

कापूसकोंडा :
@धानबांधी, आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. आमच्याकडेही रानडुकरांनी तोच प्रताप केला आहे आणि पंचनाम्याची वाट पाहणे अद्याप सुरू आहे.

मगनवाडीची लेक :
माहेर वर्धेचे असल्याने सुट्टीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मगन संग्रहालय दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचे पुतणे मगनलाल गांधी यांचे नाव त्याला दिले गेले. तिथे चरखे, खादी आणि ग्रामोद्योगांची अवजारे मांडलेली आहेत, त्यामुळे आमच्या आजीला तिथे कधी कंटाळा आला नाही. ती चरख्याजवळ उभी राहून चाती (सूत कातायची सळई) कुठे वाकडी आहे ते सांगत असे. पाटी वाचायला तिला येत नव्हते आणि तिला गरजही नव्हती.

सेवाग्रामला मात्र मुलांना वेगळ्याच वस्तूने भुरळ घातली. आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप न मारता पकडून लांब नेऊन सोडत असत. धाकट्याने तिथेच विचारले की मग आपण आपल्या गोठ्यातला साप का मारला. त्याच्या वडिलांनी बाहेर जाऊन उसाचा रस घेण्याची सूचना केली, आणि ती तत्काळ मान्य झाली.

बोरीवाला :
अजब बंगल्याविषयी एक गोष्ट आमच्या भागातील म्हणून सांगतो. नागपूरचे भूगर्भशास्त्रज्ञ मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 सालीच, म्हणजे संग्रहालय सुरू झाले त्याच वर्षी, नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती मांडलेली धोंड्यांची वर्तुळे) पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून वारले. त्यांचा घोडा स्वाराविना परत आला, तेव्हा शोध सुरू झाला. मागे राहिलेले त्यांचे लेख 1866 साली सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. मी पुतण्यांना आधी शिळावर्तुळे दाखवली आणि नंतर संग्रहालयात नेले. हाच क्रम योग्य आहे असे माझे ठाम मत आहे, कारण शेतातले धोंडे आधी पाहिले की काचेमागची वस्तू परकी वाटत नाही.

शकुंतलेचा प्रवासी :
आमच्या यवतमाळकडील मंडळींनी नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे, ते 2002 सालापासून आहे. मुलांसाठी छोटी गाडी आहे. तथापि, आमच्याकडे त्या गाडीत बसण्याची सर्वांत मोठी घाई आबाजींना झाली होती. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला या नॅरोगेज गाडीला 1994 सालापर्यंत मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन ओढत होते, आणि चढावर गाडी मंदावली की लोक उतरून चालत असत, असे आबाजी नातवंडांना सांगत होते. नातवंडांना ते खोटे वाटले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी, आपणही त्याच गाडीतून उतरून बोरे तोडून पुन्हा चढत होतो, अशी साक्ष दिली आणि मग दोघे बाकावर बसून दारव्ह्याच्या बाजाराविषयी बोलत राहिले. संग्रहालय आम्ही पाहिले, त्यांनी नाही.

कापूसकोंडा :
बोरे तोडण्याची गोष्ट खरी आहे. माझे मामा त्या गाडीतून उतरून, चहा पिऊन पुन्हा चढायचे, असेही सांगत, पण त्यातले खरे किती हे मामाच जाणे.

तर्रीबाज :
सर्वांचे अनुभव वाचून आनंद झाला, परंतु जोडून आलेल्या सुट्टीत सोमवार असेल तर सावध राहावे, कारण बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. आम्हाला हे फाटकाशी पोहोचल्यावर जीपच्या चालकाने सांगितले. त्याला ते गावातून निघतानाच ठाऊक होते, पण भाडे बुडेल म्हणून तो गप्प राहिला. तर्री पोहे खाऊन आम्ही परत फिरलो, आणि पोहे उत्तम होते, हे मान्य करावे लागेल.

पांदणवाट :
@तर्रीबाज, आपण वेळेवर सांगितलेत. आम्ही आता शनिवारी पहाटेच्या एसटीने निघत आहोत. @बोरीवाला, टाकळघाटला बुटीबोरीहून जायला सकाळी वाहन मिळते काय, की स्वतःची गाडी करावी लागेल? सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही.